गोल्फची पकड आणि क्लबचं रबर: सोलापुरातले सहा महिने

माझ्या डाव्या हातमोज्याला नेहमी एकाच जागी भोक पडायचं. करंगळीच्या खाली, मनगटाच्या वर जी मांसल गादी असते, बरोबर तिथं. दोन वर्षांत तीन हातमोजे गेले. प्रत्येक वेळी वाटायचं की चामडंच हलकं निघालं, आणि पुढचा मी जरा महागातला आणायचो. त्या भोकाचा अर्थ कळायला २०२५ चा फेब्रुवारी उजाडावा लागला.

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात निर्यातीची कागदपत्रं बघतो. लहानपणापासून क्रिकेट खेळलो. २०२२ च्या दिवाळीत पुण्याच्या दाजींनी त्यांचा जुना गोल्फ सेट मला दिला. त्यांची पाठ दुखावली होती, डॉक्टरांनी कंबर पिळायला मनाई केली होती. लांब फटक्यांचे ड्रायव्हर आणि थ्री वूड, मधल्या अंतराची पाच नंबरपासून नऊ नंबरपर्यंतची आयर्न, जवळच्या उंच फटक्यांचे पिचिंग वेज आणि सँड वेज, आणि शेवटी चेंडू भोकाकडं ढकलायचा पटर, असे दहा क्लब, म्हणजे चेंडू मारायच्या काठ्या. नियमानुसार पिशवीत चौदापर्यंत चालतात, पण शिकणाऱ्याला दहा पुष्कळ झाले. मी गच्चीवर जाळी बांधून आणि होटगीच्या पुढं मित्राच्या पडीक माळावर सराव सुरू केला. खेळ आवडला, मनापासून आवडला. पण चेंडू उजवीकडे वळायचा तो वळायचाच.

२०२५ च्या १२ जानेवारीचा रविवार लक्षात आहे, कारण दोन दिवसांनी संक्रांत होती आणि गावात सिद्धेश्वरांच्या गड्ड्याची गडबड सुरू झाली होती. मित्राच्या माळाच्या उजव्या अंगाला शेजाऱ्याची ज्वारी उभी होती, कणसं हुरड्यात आलेली. त्या सकाळी माझे चौदा चेंडू ज्वारीत गेले. डावा अंगठा सोलवटला, हातमोज्याचं भोक रुपयाएवढं झालं. शेजारी भला माणूस, त्यानं हुरडा खाऊ घातला. पण उभ्या पिकात चेंडू शोधायला कसं शिरायचं? त्या दिवशी ठरवलं की कुणातरी जाणत्याला हात दाखवायचा.

दाजींनी पुण्यात एका प्रशिक्षकांची वेळ घेऊन दिली, ९ फेब्रुवारीची. सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं निघालो. क्लब न्यायची सोय सांगतो, कारण मला हे कुणी सांगितलं नव्हतं. पूर्ण पिशवी न्यायची गरज नाही. सात नंबरचं आयर्न, वेज आणि ड्रायव्हर असे तीनच क्लब घेतले, त्यांची डोकी सोलापुरी चादरीत गुंडाळली आणि वर सुतळी बांधली. सामानाच्या फळीवर आडवे बसले. सरावाच्या मैदानाच्या दारात रजिस्टर होतं. त्यात नाव, वेळ, ओळखपत्राचा नंबर लिहावा लागला. कॉलर असलेला टी-शर्ट लागतो हे दाजींनी आधीच बजावलं होतं. माझ्यासमोर एका मुलाला गोल गळ्याच्या टी-शर्टमुळं थांबवलं. एका तासाच्या शिकवणीचे १,५०० रुपये आणि पन्नास चेंडूंच्या बादलीचे २५० रुपये वेगळे.

प्रशिक्षकांनी मला चेंडू मारायला सांगण्याआधीच हातमोजा मागितला. भोकात बोट घातलं आणि म्हणाले, "तुम्ही क्रिकेटवाले ना?" मग समजावून सांगितलं. बॅट आपण तळहातात भरून धरतो. गोल्फचा क्लब तळहातात धरला, की वर नेताना तो मुठीत सरकतो, खाली आणताना आपण पुन्हा आवळतो, आणि प्रत्येक फटक्याला त्या गादीवर क्लबच्या मुठीवरचं रबर घासतं. भोक तिथलं. क्लब डाव्या हाताच्या बोटांच्या मुळाशी तिरका बसायला हवा. तर्जनीच्या मधल्या पेरापासून करंगळीच्या मुळापर्यंत, आणि गादी वरून झाकणासारखी टेकवायची. खाली नजर टाकली की डाव्या मुठीच्या दोन, फार तर अडीच गाठी दिसल्या पाहिजेत. मला एकच दिसत होती. एक गाठ दिसणाऱ्या पकडीला कमजोर पकड म्हणतात. तिच्यानं क्लबचं तोंड, म्हणजे चेंडूला लागणारी बाजू, चेंडूपाशी उघडं राहतं आणि चेंडू उजवीकडे वळतो. त्यालाच स्लाईस म्हणतात. माझी चौदा चेंडूंची ज्वारी इथून आली होती.

उजव्या हाताचं काम सोपं सांगितलं. उजव्या तळव्यावरची आयुष्यरेषा डाव्या अंगठ्यावर टेकवायची, अंगठा पूर्ण झाकला गेला पाहिजे. दोन्ही हातांत अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच होते, ती उजव्या खांद्याकडे बघायला हवी.

मग दोन हात एकमेकांना जोडायचे कसे? उजवी करंगळी डाव्या तर्जनीवर चढवायची, ही व्हार्डन पकड. हॅरी व्हार्डन यांच्यामुळं तिला ते नाव पडलं. हा माणूस १८९६ ते १९१४ या काळात सहा वेळा ब्रिटिश ओपन ही गोल्फ स्पर्धा जिंकला. दुसरी, करंगळी आणि तर्जनी एकमेकींत अडकवायची. जॅक निकलस आणि टायगर वूड्स हे गाजलेले गोल्फपटू असं धरतात. तिसरी, दहाही बोटं रबरावर, बॅटसारखी. माझी बोटं आखूड आहेत, चढवलेली करंगळी घसरत होती. म्हणून अडकवायची पकड ठरली. तिच्यात एक धोका असतो, बोटं फार खोल अडकवली की क्लब पुन्हा तळहातात जातो. बोटांची फक्त टोकाकडची पेरं अडकवायची.

पण या सगळ्यापेक्षा महत्त्वाची गोष्ट त्यांनी शेवटी सांगितली. माझं सात नंबरचं आयर्न हातात घेऊन त्यांनी रबरावरून अंगठा फिरवला. रबर चकचकीत होतं, काळ्या आरशासारखं. ते म्हणाले, "दहापैकी चार एवढ्याच जोरानं धरा असं मी तुम्हाला सांगेन, पण या रबरावर चारनं धरलं तर क्लब हातातून सुटेल. म्हणून तुमचा हात आठ-नऊनं आवळतो, आणि आवळायला तळहातच लागतो. आधी रबर बदला, मग हात बदलेल."

मी अडीच वर्षं माझ्या हाताला दोष देत होतो. ज्याला नवीन पकड शिकायची आहे आणि ज्याचा सेट जुना आहे, त्याला मी हेच आधी सांगेन. रबर निकामी असेल तर आरशासमोर कितीही सराव करा, चेंडू समोर आला की हात भीतीनं आवळणारच.

प्रशिक्षकांनी साधारण अंदाज दिला तो असा: वर्षातून एकदा, किंवा चाळीसेक राऊंड, म्हणजे मैदानावरचे पूर्ण डाव, झाले की रबर बदलावं. रबराला ऊन, उष्णता, हवेतला ओझोन आणि हाताचं तेल-घाम यांनी कडकपणा येतो. माझा सेट दोन उन्हाळे गाडीच्या डिकीत होता. सोलापूरचा एप्रिल-मे ज्यांनी पाहिला आहे त्यांना डिकीचं वेगळं वर्णन करायला नको. नखानं दाबून बघा. खूण उमटून परत भरून आली तर रबर जिवंत आहे. माझ्या रबरावर खूणच उमटत नव्हती.

सोलापुरात परतल्यावर पहिल्यांदा खेळाच्या दुकानात गेलो. तिथं बॅटची ग्रिप कोनवरून चढवून देतात, पण गोल्फचं त्यांनी कधी केलेलं नव्हतं. पुण्यात बसवून मिळत होतं, एका क्लबला मजुरी २००, म्हणजे नऊ क्लबचे १,८०० आणि दोन खेपा. (पटरची ग्रिप वेगळी असते, समोरून चपटी. ती माझी ठीक होती.) मी घरीच करायचं ठरवलं.

मागवण्याआधी मापं घ्यावी लागतात. क्लबच्या दांड्याचं वरचं टोक बहुतेक वेळा ०.६०० इंच किंवा ०.५८० इंच व्यासाचं असतं, म्हणजे १५.२४ किंवा १४.७३ मिलिमीटर. फरक अर्ध्या मिलिमीटरचा आहे, डोळ्यांना कळत नाही. ग्रिपच्या आत तोंडाशी ६० किंवा ५८ असा आकडा छापलेला असतो, पुढं आर असेल तर ती आतून गोल, मागं उभी कणी नसलेली. मी गोलच घेतली, कारण कणीची ग्रिप बसवताना जराशी तिरकी झाली तर हात कायम चुकीच्या जागी जातो.

मापासाठी आमच्या कारखान्यातल्या जॉबर मामांकडे गेलो. वय साठीच्या पुढं, चाळीस वर्षं माग दुरुस्त करतात. घरी तेलुगू, आमच्याशी मराठी. त्यांनी व्हर्नियर, म्हणजे बारीक मापं घ्यायचा चिमटा, लावला आणि नऊही दांड्यांचं माप एका कार्डावर खडूनं लिहिलं. सगळे ६० चे. बाहेरचा जाडेपणाही बघायचा असतो. हातमोजा घालून डाव्या हातानं क्लब धरायचा. मधल्या दोन बोटांची टोकं तळहाताला जेमतेम टेकली तर माप बरोबर. मध्ये फट राहिली तर ग्रिप जाड, बोटं तळव्यात रुतली तर बारीक. मला साधं, स्टँडर्ड माप लागत होतं. थोडी जाडी वाढवायची असेल तर आत मास्किंग टेपचा एकेक थर चढवतात. एका थरानं इंचाचा चौसष्टावा भाग वाढतो.

१२ फेब्रुवारीला ऑनलाइन मागवल्या. एक ७८० रुपयांना, नऊचे ७,०२० आणि पाठवणी १५०. २० तारखेला पार्सल आलं. उघडून आत बॅटरी मारली तर नऊही ग्रिपवर ५८.

इथून पुढचे चार आठवडे धीर धरण्यात गेले. विक्रेत्याचं म्हणणं, ५८ ची ग्रिप ६० च्या दांड्यावर बसते. बसते हे खरं आहे, रबर ताणलं जातं. पण ताणली की बाहेरून जाड होते, टेपचा एक थर चढवल्यावर होते त्यापेक्षाही थोडी जास्तच. मला ते नको होतं. ईमेलवर ईमेल झाले. शेवटी कामी आला तो एकच फोटो: व्हर्नियरमध्ये धरलेला दांडा, शेजारी ग्रिपच्या तोंडातला ५८ चा आकडा आणि खाली माझ्या ऑर्डरच्या कागदावरचा ६०, तिन्ही एका चौकटीत. रोज कागदपत्रांत असल्यामुळं मला हे माहीत आहे, तीन वेगळे फोटो पाठवले की समोरचा तीन वेगळे प्रश्न विचारतो. परत न्यायला येणारा माणूस ठरल्या दिवशी आला नाही. पुन्हा तारीख घेतली, पुन्हा नाही. ५ मार्चला मीच स्पीड पोस्टनं पाठवल्या, पावती जपून ठेवली आणि त्या पावतीचाही फोटो पाठवला. १९ मार्चला बरोबर मापाच्या ग्रिप आल्या. पोस्टाचे पैसे एप्रिलमध्ये खात्यात जमा झाले. तुम्ही मागवणार असाल तर पार्सल आलं त्याच दिवशी आतला आकडा बघा, आणि पाकीट फाडू नका, कापा. परत त्याच पाकिटात पाठवावं लागतं.

बाकीचं सामान सोलापुरातच मिळालं. स्टेशनरीच्या दुकानातून ४८ मिलिमीटर रुंदीची डबल टेप, म्हणजे दोन्ही बाजूंनी चिकटणारी, ग्रिप दांड्याला धरून ठेवायला. पातळ, कागदी हवी. स्पंजाची अजिबात नको, तिच्यावर ग्रिप चढत नाही. इथं एक गंमत कळली. १५.२४ चा दांडा, त्याचा घेर जवळजवळ ४८ मिलिमीटर. म्हणजे ही टेप उभी लावली की दांड्याला नेमका एक वेढा बसतो, ना फट, ना दुहेरी थर. चिकट टेपवरून ग्रिप सरकावी म्हणून रंगाच्या दुकानातून एक लिटर टर्पेंटाइन आणलं. दुकानदार थिनर देत होता, तो घेतला नाही, कारण ड्रायव्हर आणि थ्री वूडचे दांडे ग्राफाइटचे आहेत आणि तेज थिनर त्यांच्या रंगाला खातो. आकड्यासारखं वाकलेलं कापायचं पातं हार्डवेअरच्या दुकानात मिळालं. टेप, टर्पेंटाइन आणि पातं मिळून ४१० रुपये.

रविवार, २३ मार्च. जॉबर मामा स्वतःहून आले. कारखान्यात व्हाइस, म्हणजे वस्तू आवळून धरायचा शिकंजा, आहे, पण आत मागखात्यात कापसाचा तंतू उडत असतो आणि टर्पेंटाइन पेट घेणारं. मामांनी छोटा व्हाइस उचलून बाहेर पाण्याच्या टाकीपाशी लिंबाच्या सावलीत मांडला. व्हाइसच्या जबड्यात मागाच्या जुन्या पट्ट्याचं चामडं घातलं, म्हणजे दांडा दबणार नाही.

मी साधा कटर काढला तसा त्यांनी माझा हात धरला. "साहेब, त्या नळीला खरचटलं तर ती तिथंच मोडंल की." ग्राफाइटचे थर एकदा कापले गेले की दांडा त्याच रेघेत तुटतो, म्हणूनच ते वाकडं पातं. ते रबराखाली घालून अंगापासून दूर, बाहेरच्या दिशेनं ओढायचं. रबर संत्र्याच्या सालीसारखं सुटलं. फक्त सँड वेजची ग्रिप कापली नाही. ती इतरांपेक्षा मागाहून बसवलेली होती आणि दांड्यावर फिरत होती. कडेनं सिरिंजनं थोडं टर्पेंटाइन सोडलं आणि पिळून अख्खी काढली.

खालची जुनी टेप सुटायला सगळ्यात जास्त वेळ लागला. लोक गरम हवा मारतात. आम्ही दांडे पंधरा मिनिटं उन्हात ठेवले, मार्चच्या सोलापुरी उन्हात तेवढं पुरलं. डिंक मऊ झाला, मग बोथट सुरीच्या पाठीनं खरवडून टर्पेंटाइनच्या फडक्यानं पुसला. हे काम टाळू नका. जुन्या टेपचा एक उंचवटा राहिला तरी तो नंतर बोटाला कायम लागतो.

मग नवीन टेप. वरच्या टोकाच्या पुढं अर्धा इंच जास्त ठेवून ती नळीच्या तोंडात आत दुमडायची, म्हणजे पातळ लोखंडी कड रबर कापत नाही. ग्रिपच्या टोपीत एक बारीक भोक असतं, ते बोटानं बंद करायचं, आत टर्पेंटाइन ओतायचं, दुसरं तोंड दाबून खळखळवायचं आणि तेच टर्पेंटाइन टेपवर सगळीकडे ओघळू द्यायचं. खाली परात ठेवली होती. लगेच ग्रिपचं तोंड दांड्यावर चढवून एका दमात खाली ढकलायची, टोपी टोकाला टेकेपर्यंत. टेकली की क्लबचं डोकं सरळ धरून ग्रिपवरची खूण मधोमध आणायची. त्यासाठी मिनिटभराचाच अवधी मिळतो.

पहिल्या चार छान बसल्या. पाचवीला, आठ नंबरच्या आयर्नला, मी टर्पेंटाइन कमी घेतलं, परातीतलं संपत आलं होतं म्हणून. ग्रिप अर्ध्यात अडकली. पुढं जाईना, मागं येईना. मी जोर लावत होतो आणि रबराला सुरकुत्या पडत होत्या. माझ्या डोळ्यांसमोर ७८० रुपये आणि आणखी एक महिना उभा राहिला. मामा काही न बोलता आत गेले आणि माग झाडायच्या कॉम्प्रेसरची लांब नळी ओढत आले. माझ्या डोळ्यांवर त्यांनी स्वतःचा चष्मा घातला. टोपीच्या भोकाला नळीचं टोक लावून हवेची एक बारीक फुंकर सोडली. ग्रिप फुग्यासारखी किंचित फुगली, दांड्यावर तरंगल्यासारखी झाली आणि त्यांनी ती दोन बोटांनी मागं ओढून काढली. एवढ्या अलगद की माझा विश्वास बसेना. हवा जास्त सोडली तर रबर फाटतं, त्यामुळं सवय नसेल तर हे करू नका. टेप बदलून, टर्पेंटाइन भरपूर घेऊन तीच ग्रिप पुन्हा बसवली.

सगळ्या झाल्यावर क्लब भिंतीला टेकवून सावलीत ठेवले. काही तासांत वाळतात, मी पूर्ण दिवस हात लावला नाही.

त्या दुपारी चहा पिताना मामांनी मला पकडीचा दुसरा धडा दिला, आणि त्यांनी आयुष्यात गोल्फ पाहिलेलं नाही. मी त्यांना नवीन क्लब धरून दाखवत होतो. ते बघत राहिले आणि म्हणाले, "एवढं आवळता कशाला?" खिशातून सुताचा तुकडा काढला, मधोमध तोडला आणि माझ्यासमोर जोडून दाखवला. अंगठा आणि तर्जनी यांत दोन टोकं, एक फिरकी, एक ओढ, गाठ तयार. त्या बोटांच्या टोकाला चाळीस वर्षांचं घट्ट कातडं आहे, पण धाग्यावर दाब असा नव्हताच. सूत निसटत नव्हतं आणि चेपतही नव्हतं. "जास्त दाबलं की तुटतंय, कमी दाबलं की गाठ पडत नाही." मला चारचा आकडा पाठ होता. तो हाताला कसा लागतो, ते मी तेव्हा पाहिलं.

३० मार्चला गुढी उभारल्यावर गच्चीवर पहिल्यांदा नवीन रबर हातात घेतलं. मऊ, जरासं चिकट. हात आपोआप सैल झाला. पण एप्रिलभर एकही चेंडू मारला नाही, प्रशिक्षकांनी तसंच सांगितलं होतं. सात नंबरचं आयर्न स्वयंपाकघराच्या दाराशी उभं ठेवलं. सकाळी चहा उकळेपर्यंत आणि रात्री जेवणानंतर, पाच-पाच मिनिटं, फक्त धरायचं, सोडायचं, पुन्हा धरायचं. लेकीनं स्केचपेननं माझ्या डाव्या बोटांवर तिरकी रेघ काढून दिली, क्लब कुठून जायचा त्याची. आंघोळीनं पुसली की ती पुन्हा काढायची. साधी युक्ती आहे, पण आरशापेक्षा जास्त कामाला आली. पहिले दहा दिवस हे धरणं परक्याचा हात धरल्यासारखं वाटत होतं. क्लब निसटेल अशी धास्ती वाटायची, निसटला मात्र एकदाही नाही.

मे महिन्यात सकाळी सहाला, ऊन चढायच्या आत, जाळीत अर्धे फटके सुरू केले. आणि चेंडू डावीकडे जायला लागले. सगळे. अडीच वर्षं मी उजवीकडे जाणारा चेंडू वाचवायला अंग डावीकडे खेचत होतो. पकड सुधारली, पण अंगाची ती सवय तशीच होती. मी घाबरून एकदा जुनी पकड परत धरली आणि तीन फटके मारले. तेव्हा बायको गच्चीवर वाळवण घालत होती. ती म्हणाली, "तुमचा हात पुन्हा पांढरा पडलाय." खरंच बोटांची पेरं पांढरी होती. तेव्हापासून माझी खूण ती. पेरं पांढरी दिसली की थांबायचं. प्रशिक्षकांना फोन केला, त्यांनी महिनाभर अर्ध्याच फटक्यांवर थांबायला सांगितलं. जूनच्या मध्यापर्यंत चेंडू बऱ्यापैकी सरळ जायला लागला.

या काळात रबर जपायचं वळणही लागलं. आमच्याकडं नळाला पाणी रोज नसतं, म्हणून पाण्याच्या दिवशीच हे काम. अर्धा तांब्या कोमट पाणी, भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब, जुना मऊ ब्रश. हलकं घासायचं, ओल्या कपड्यानं साबण पुसायचा, मग कोरडं करून सावलीत ठेवायचं. क्लब बादलीत बुडवू नका, टोपीच्या भोकातून पाणी दांड्यात शिरतं आणि लोखंडी दांडा आतून गंजतो. माळावरून आलं की काळ्या मातीची धूळ आणि घाम मिळून रबरावर पापुद्रा बसतो, तो त्याच दिवशी पुसलेला बरा. टॉवेलबद्दल मी अधिकारानं सांगू शकतो. नवा कोरा टॉवेल वापरू नका. टॉवेल मऊ लागावा म्हणून शेवटच्या प्रक्रियेत त्याला सिलिकॉनचं सॉफ्टनर देतात. तो धुतलेला नसेल तर पाणी नीट टिपत नाही आणि रबरावर निसरडा थर सोडतो. दोन-तीन वेळा साध्या पाण्यात धुऊन घ्या, मग आपल्या सोलापुरी टेरीसारखं या कामाला काही नाही. आणि डिकीत क्लब ठेवायचे नाहीत. मी आता घरात, कपाटामागं उभे ठेवतो.

खरा राऊंड दाजींच्या ओळखीनं पुण्यात ठरला. जूनमध्ये जमलं असतं, पण तेव्हा तुकोबांची पालखी पुणे-सोलापूर रस्त्यानं चालत होती आणि दाजी दरवर्षी वारकऱ्यांच्या जेवणाच्या सेवेत असतात. आषाढी ६ जुलैला झाली, मग अर्ज भरला. सदस्याच्या सहीचा पाहुणा अर्ज, माझ्या आधार कार्डाची प्रत आणि हँडिकॅपचा, म्हणजे खेळाडूची पातळी सांगणाऱ्या आकड्याचा, रकाना. माझ्याकडं हँडिकॅप नव्हता. तो रकाना रिकामा ठेवल्यामुळं अर्ज परत आला. तिथं नवशिका असं लिहून सोबत प्रशिक्षकांची चिठ्ठी जोडावी लागली. नवशिक्यांना शनिवार-रविवार नाही, आठवड्यातल्या दुपारी आणि नऊच होल, म्हणजे अर्धा राऊंड. मंगळवार, २२ जुलै मिळाला. कारखान्यातून एक दिवसाची रजा टाकली.

दुपारी भुरभुर पाऊस होता. दोन टॉवेल नेले होते, एक छत्रीच्या आत तारेला अडकवला, तो शेवटपर्यंत कोरडा राहिला. पहिल्या टीवर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागी, हात थरथरत होता. मी डाव्या मुठीच्या दोन गाठी मोजल्या, मामांचा सुताचा तुकडा आठवला आणि फटका मारला. फार लांब गेला नाही, पण समोरच्या गवतात पडला. नऊ होलला ५८ फटके लागले. दोन चेंडू हरवले, दोन्ही डावीकडे. संध्याकाळी हातमोजा काढून उजेडात धरला. गादीच्या जागी चामडं शाबूत होतं, फक्त पावसानं जरा काळवंडलेलं.

परतल्यावर कारखान्यात मामांना पेढे द्यायला गेलो. ते सात नंबरच्या मागापाशी होते. त्या मागाच्या हँडलवर सँड वेजची ती जुनी, अख्खी निघालेली ग्रिप चढवलेली होती, तोंडाशी सुतानं करकचून बांधलेली. "लोखंडापरीस बरं हाय," म्हणाले, आणि हँडल ओढून माग सुरू केला.